अंतकालीन शुश्रूषा आणि वेदनेची भाषा

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रुग्णसेवा या अर्थाने वापरतो. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ होय. गुरूचे ऐकू इच्छिणारा तो आज्ञाधारक, आज्ञाधारक म्हणून सेवक, आणि सेवेतून रुग्णाची परिचर्या, अशा क्रमाने अर्थ सरकत गेला. व्युत्पत्तीवरून वस्तुस्थितीचे अनुमान काढणे हा आमच्या शास्त्रात दोषच मानला जातो. तथापि ज्या परिचर्येस ‘हॉस्पिस’ म्हणतात तिला हा मूळ अर्थ अक्षरशः लागू पडतो, म्हणून हा विषय भाषाभ्यासकांपुढे मांडीत आहे.

रोग बरा होण्याची आशा उरली नाही, तरी रोग्याच्या पीडेवर उपाय असतो, हे या परिचर्येचे मूलतत्त्व. मृत्यू लवकर आणावयाचा नाही आणि ओढूनताणून लांबवावयाचाही नाही. उरलेले दिवस सुसह्य करावयाचे. सिसिली साँडर्स या विदुषी प्रथम परिचारिका, पुढे रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. त्यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. त्यापूर्वी त्या मरणोन्मुख रुग्णांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून ऐकत असत. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चार अंगांच्या ‘समग्र वेदने’ची त्यांची कल्पना या ऐकण्यातूनच आकारास आली. आपल्याकडे 1986 साली डॉ. डिसूझा यांनी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन काढले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र 1997 पासून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही.

आता ऐकावयाचे ते काय? वेदना यंत्राने मोजता येत नाही. रुग्णाचा शब्द हेच तिचे माप. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली जी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली तीत 78 इंग्रजी विशेषणे 20 गटांत मांडली आहेत. मराठीची संपत्ती याहून उणी नाही, फक्त ती विशेषणांत नसून बहुतांशी नामांत आणि क्रियापदांत आहे. ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, आग होते, मुंग्या येतात, चुरचुरते, टोचते, अवघडते. यांतील भेद केवळ शैलीचा नव्हे. ‘आग होते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखे होते’ असे रुग्ण सांगू लागला की मज्जातंतूच्या वेदनेचा संशय येतो, आणि तिच्यासाठी नेहमीच्या वेदनाशामकांऐवजी किंवा त्यांच्या जोडीस नैराश्यावरील अथवा अपस्मारावरील औषधे योजावी लागतात. पोटातील ‘कळ’ येऊन जाते. ‘ठणका’ मात्र ठोके देत राहतो. नोंद करणाऱ्याने या सर्वांऐवजी ‘दुखते’ एवढेच लिहिले, तर औषध चुकण्याचा संभव आहे. ‘दहापैकी किती दुखते?’ हा प्रश्नही आमच्याकडील वृद्ध बाईला परका वाटतो. ‘रुपयात किती आणे?’ असे विचारावे, असे माझे मत आहे. शिवाय सोसणे हा आपल्याकडे सद्गुण असल्यामुळे पहिले उत्तर बहुधा ‘बरे आहे’ हेच येते. दुसऱ्या उत्तराची वाट पाहावी लागते.

रुग्णाइतकीच परिचर्या कुटुंबाचीही करावयाची असते. रुग्णाला दर दोन तासांनी कूस कशी बदलून द्यावी, तोंड स्वच्छ कसे ठेवावे, मॉर्फीनची गोळी वेदनेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे कशी द्यावी, तिच्या जोडीस रेचक का लागते, हे घरच्यांस शिकविले जाते. अखेरच्या दिवसांत भूक मंदावणे हे शरीराचे स्वाभाविक लक्षण आहे, ते समजावून सांगितले नाही तर ‘आम्ही आईला उपाशी ठेवले’ हा सल घरात वर्षानुवर्षे राहतो. रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेला विसावा मिळावा म्हणून रुग्णास काही दिवस दाखल करून घेणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो. मृत्यूनंतरही घराची विचारपूस चालू राहते.

सर्वांत बिकट प्रश्न सांगण्याचा. ‘बाबांना काही सांगू नका’, असे मुलगा दाराबाहेर सांगतो. आणि आत बाबा सर्व ओळखून मुलासाठी गप्प असतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या, बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणणाऱ्या समाजात हे मौन अनपेक्षित नाही. अनुभवी परिचारक ते बळाने फोडीत नाही. ‘तुम्हांला आजाराविषयी काय वाटते?’ असे तो रुग्णासच विचारतो, आणि रुग्ण जितके जाणू इच्छितो तितकेच बोलतो. पुष्कळदा राहिलेले व्यवहार, रुसवे, भेटी याच संवादानंतर मार्गी लागतात.

रत्नागिरी जिल्ह्यापुरते पाहिले तर कर्करोगाचा रुग्ण म्हणजे परळचे टाटा रुग्णालय, हे समीकरण फार जुने आहे. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे आता उपचाराची सोय आहे, तरी मुंबईची वाट बंद झालेली नाही. नातेवाइकांच्या खोलीत राहून उपचार होतात, आणि एके दिवशी ‘आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या’ हे वाक्य ऐकून माणसे कोकणची गाडी धरतात. या वाक्याचा पूर्वार्ध खोटा आहे. वेदना, धाप, ओकारी, झोप नसणे या प्रत्येकावर करण्यासारखे पुष्कळ असते. अडचण आहे ती ते करणारा मनुष्य आणि औषध वाडीपर्यंत पोहोचण्याची. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन मिळविणे इतके जिकिरीचे केले की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त संस्थेस एकच परवाना पुरेसा केला. राष्ट्रीय कार्यक्रमही 2012 पासून कागदोपत्री आहे. चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून ज्या घरी जावे लागते, त्या घरी ती गोळी घेऊन जाणारी परिचारिका तेथील बोलीत ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक विचारू शकेल, अशी तिची तयारी करून घेण्याच्या कामी भाषाविभागाने शब्दसंग्रहाचे साहाय्य द्यावे. जिल्ह्यातील तिल्लोरी, संगमेश्वरी, दालदी अशा बोलींतील वेदनावाचक शब्दांचे संकलन हा पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेसा विषय आहे.