ऑनलाइन वर्गाचा कॅमेरा : आधी उजेड, मग मेगापिक्सेल

कपड्यांचा हँगर, कापडाच्या पट्ट्या आणि एक खुर्ची. जून २०२० मध्ये पुण्यातल्या एका शिक्षिकेने एवढ्याच सामानावर मोबाइल टांगून फळ्यावरचा तास ऑनलाइन घेतला आणि ते छायाचित्र देशभर फिरले. टाळेबंदी संपली, पण घरून शिकवण्या घेणाऱ्यांचे काम सुरूच आहे. आता हँगरऐवजी वेबकॅम घ्यावा म्हटले, की दुकानात पहिला आकडा ऐकू येतो तो मेगापिक्सेलचा. वर्गाच्या दृष्टीने तो बऱ्याच खालच्या क्रमांकाचा आहे.

कॅमेऱ्याने मुलांना दोन गोष्टी नीट दाखवायच्या असतात : शिक्षकाचे ओठ आणि हात. ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द अधिक कळतात आणि गोंगाट वाढेल तसा चेहऱ्याचा आधार मोठा ठरतो, हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच प्रयोगाने दाखवले. ‘मळ’ की ‘नळ’, हे कुकरच्या शिट्टीत कानाला ठरवता येत नाही. ओठ मिटले की नाही, हे डोळ्याला लगेच दिसते. ज्या मुलाला मुळात कमी ऐकू येते, त्याच्यासाठी तर अंधारलेला चेहरा म्हणजे निम्मा तास वाया.

हा चेहरा अंधारतो तो बहुतेक वेळा महागड्या कॅमेऱ्यातही. वेबकॅमचा सेन्सर अगदी लहान असतो. उजेड कमी पडला की प्रत्येक चित्रासाठी तो जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. मग सेकंदाला ३० ऐवजी १५ च चित्रे मिळतात, हलणारे ओठ आणि लिहिणारा हात फरफटल्यासारखे दिसतात. पाठीमागे खिडकी असेल तर कॅमेरा खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकी समोर किंवा तिरकी येईल असे टेबल फिरवावे; याला खर्च नाही. संध्याकाळच्या तासासाठी साधा टेबललॅम्प चेहऱ्याच्या बाजूने, पुढून लावला तरी पुरतो. चित्रावरून काळसर पट्टे सरकत असतील तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० असेल तर ते ५० करावे.

आता खरेदी. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख बिंदू असतात, फोर-के चित्रात ८३ लाख. पण वर्गाचे अ‍ॅप चित्र दाबून, लहान करून पाठवते आणि मुलाकडे ते मोबाइलच्या चौकोनात उमटते. फुल एचडी पुरे. उरलेले पैसे फोकसकडे वळवावेत. फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्यात चेहरा ठीक दिसतो, पण पुस्तक जवळ धरले की अक्षरे पुसट होतात. आकृत्या, प्रयोग, वह्या दाखवणाऱ्याने ऑटोफोकसच घ्यावा. मात्र हात हलला की तो फोकस शोधत बसतो का, हे आधी पाहावे. फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्याला रुंद कोन हवा, खुर्चीत बसून शिकवणाऱ्याला तो नको : मागचे कपाट आणि वाळत घातलेले कपडेही वर्गात येतात.

कॅमेरा कुठे बसतो, याचा संबंध मानेशी आहे. टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये मान खाली घालून तीन-चार तास बोलले की खांदे भरून येतात आणि मुलांना दिसतो तो शिक्षकाचा हनुवटीखालचा भाग व वरचा पंखा. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणावी, कीबोर्ड वेगळा जोडावा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी पडदा थोडा खालीच ठेवावा, नाहीतर मान मागे टाकून वाचावे लागते. वेबकॅम पडद्याच्या वर मधोमध असावा, कडेला नको. नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली असली तरी समोरच्याला ती आपल्याकडेच आहे असे वाटते. बाजूला वळलेली नजर मात्र चटकन जाणवते.

गणित शिकवणाऱ्याला एवढ्याने भागत नाही, कारण मुलांना चेहऱ्यापेक्षा वही पाहायची असते. जुना मोबाइल स्टँडवर वहीवर उभा धरून दुसरा कॅमेरा म्हणून जोडला तर नवी खरेदीही टळते. सावली वहीवर पडू नये म्हणून उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा.

वेबकॅम परत करण्याची मुदत असते तोवर एक चाचणी घ्यावी. तासाच्याच वेळी, त्याच खोलीतून घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावावा, त्या फोनचा आवाज बंद करून त्याला दुसऱ्या खोलीत बसवावे आणि ‘मळ, नळ, माळ, नाळ’ असे शब्द उलटसुलट म्हणावेत. ‘म’ कुठला, हे त्याला ओठांवरून ओळखता आले नाही, तर आधी दिवा हलवून पाहावा.