कमरेतून पायात उतरणारी कळ

वाकून पाण्याची बादली उचलली आणि कमरेत कळ आली, की घरात पहिला शब्द निघतो तो 'उसण भरली'. मग शेक, मलम आणि गावाकडे असेल तर पायाळू माणसाचा शोध. दोन-चार दिवसांत दुखणे थांबले तर प्रश्न मिटतो. पण तीच कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत, पावलापर्यंत उतरू लागली, मुंग्या येऊ लागल्या, खोकताना-शिंकताना ती वाढू लागली, तर ती सायटिका असू शकते. आयुर्वेदात अशा दुखण्याचे वर्णन 'गृध्रसी' या नावाने आढळते.

सायटिक ही शरीरातील सर्वांत जाड नस. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या पाच मुळांपासून ती बनते आणि पायात उतरते. दोन मणक्यांमध्ये असलेली गादी फुगली किंवा फाटली, की आतला मऊ भाग बाहेर येऊन एखाद्या मुळावर दाब आणतो. दोष कमरेत असतो आणि वेदना पायात जाणवते, ती यामुळेच. फाटलेली गादी आणि सायटिका यांचे नाते मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी १९३४ मध्ये स्पष्ट केले. उतारवयात कण्यातील नसांची जागा अरुंद होणे किंवा मणका सरकणे हीही कारणे असतात.

जड ओझे उचलणारे, तासन्‌तास एका जागी बसणारे आणि हादरे सोसत वाहन चालवणारे यांना धोका जास्त. वाढलेले वजन आणि धूम्रपान यांनी त्यात भर पडते.

दिलासा असा, की बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत बरे होतात. पूर्वी अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला मिळे. आता सोसवेल तेवढे चालत-फिरत राहावे, असे सांगितले जाते. सुरुवातीलाच एमआरआयची गरज सहसा नसते. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते. त्यामुळे नुसता अहवाल पाहून घाबरू नये. कमरेवर लाथ मारून घेणे किंवा पाठ तुडवून घेणे मात्र टाळावे. आधीच दबलेल्या नसेला त्याने आणखी इजा होऊ शकते.

प्रतिबंधासाठी सवयी बदलाव्या लागतात. गॅसचा सिलिंडर किंवा धान्याचे पोते उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत, ओझे अंगाजवळ धरावे आणि ते हातात असताना कमरेत पिळू नये. बैठे काम करणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. मागच्या खिशातले जाड पाकीट बसताना काढून ठेवावे. रोजचे चालणे आणि पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. दुखणे सुरू असताना मात्र व्यायाम तज्ज्ञांना विचारूनच करावेत.

काही लक्षणांत घरगुती उपायांना जागा नाही. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांतली ताकद कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. 'आजची रात्र काढू, सकाळी बघू' म्हणून झालेला उशीर कायमचे अपंगत्व देऊन जाऊ शकतो.