चिंता, संमोहन आणि ‘नैसर्गिक’ उपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पुढे रोखून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री कलंडते आहे. हा आबे फारिया, संमोहनाचा एक आद्य अभ्यासक. १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मला, किशोरवयात वडिलांसोबत पोर्तुगालला गेला, पुढे पॅरिसमध्ये राहिला आणि तिथंच १८१९ साली वारला. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेलं हे शिल्प जिवंत आहे, यात वाद नाही. पण ते पाहून हमखास वाटतं, की सगळी जादू त्या रोखलेल्या हातांत आहे.

फारियाचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. युरोपात तेव्हा मेस्मरच्या अनुयायांचा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या शरीरातून कसलंसं चुंबकीय द्रव्य रुग्णाकडे वाहतं, असं ते सांगत. १७८४ साली फ्रान्सच्या राजानं नेमलेल्या समितीनं, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते, असं द्रव्य नसल्याचा निर्वाळा दिला. फारिया त्याच्याही पुढे गेला. १८१३ पासून पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून तो सांगू लागला, की जे घडतं ते रुग्णाच्याच मनात घडतं; उपचारक फक्त वाट दाखवतो.

आज चिंताविकारानं गांजलेला माणूस मात्र अजूनही ताकद बाहेर शोधतो. कधी संमोहनतज्ज्ञाच्या नजरेत, कधी एखाद्या मुळीत, कधी साखरेच्या गोळीत. हा प्रश्न लहान नाही. २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना चिंताविकार असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाला होता. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या दर दहापैकी आठांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. उपचारांची ही पोकळी ऐकीव माहितीनं भरली जाते. म्हणून या विषयातले काही समज नीट तपासायला हवेत.

“संमोहन म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात जाणं”

या भीतीला आपल्याकडे खतपाणी भरपूर मिळतं. ‘संमोहित करून वृद्धेचे दागिने लांबवले’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. अशा प्रकरणांत बहुतेकदा बोलण्यात गुंतवणं, तोतया पोलिसाचा धाक, हातचलाखी, क्वचित गुंगीचं औषध घातलेला प्रसाद किंवा बिस्कीट असतं. फसवल्या गेलेल्या माणसाला ‘माझ्यावर भुरळ टाकली’ असं म्हणणं सोपं जातं, हे समजण्यासारखं आहे. पण रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस नजर रोखून कुणाचं मन काबीज करू शकत नाही. रंगमंचावरच्या प्रयोगांचंही तसंच. तिथं आधी छोट्या चाचण्या घेऊन प्रतिसाद देणारे प्रेक्षक निवडले जातात, आणि ते हौसेनं वर आलेले असतात.

दवाखान्यातलं संमोहन पाहिलं तर ते जवळजवळ नीरस वाटेल. पहिला बराच वेळ बोलण्यात जातो. धडधड कधी होते, लोकलमध्ये की वरिष्ठांसमोर, किती वेळ टिकते, त्या वेळी मनात कोणतं वाक्य येतं, अशी विचारपूस होते. मग खुर्चीत सैल बसायचं, एखाद्या बिंदूवर किंवा स्वतःच्या श्वासावर लक्ष ठेवायचं. तज्ज्ञ संथ आवाजात बोलत राहतो. पापण्या जड होतात, खांदे उतरतात. त्या अवस्थेत रुग्ण नेहमीचा प्रसंग मनात उभा करतो, म्हणजे दादर स्टेशनचा जिना, गर्दी, गाडीचा आवाज, आणि धडधड सुरू झाली तरी ती कमी होत जाते, हे कल्पनेत अनुभवतो. बाहेरचा हॉर्न त्याला ऐकू येतो. नको वाटलं तर तो डोळे उघडून उठू शकतो. संमोहनातून कुणी ‘परत येतच नाही’ असं होत नाही. तज्ज्ञ निघून गेला तरी माणूस आपसूक भानावर येतो किंवा साधी झोप लागून जागा होतो. चांगला तज्ज्ञ हेच तंत्र घरी स्वतः करायला शिकवतो आणि रुग्णाचं लवकरात लवकर आपल्यावाचून कसं भागेल, हे पाहतो.

“एका बैठकीत चिंता मुळापासून जाते”

जाहिरातीत असं लिहिलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरावं. सगळे लोक सारखे संमोहित होत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ साली हे मोजण्याची श्रेणी तयार केली. तेव्हापासून पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे, की थोडे लोक फार चटकन प्रतिसाद देतात, थोड्यांवर जवळजवळ परिणाम होत नाही आणि बाकीचे मधे असतात. यात हुशारीचा किंवा मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

मग उपयोग होतो का? होतो, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. चिंतेवरच्या संमोहन उपचारांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचार संपताना संमोहन मिळालेल्या सरासरी व्यक्तीची चिंता, ते न मिळालेल्या गटातल्या सुमारे ७९ टक्के लोकांपेक्षा जास्त कमी झालेली दिसली. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : एकट्या संमोहनापेक्षा ते इतर मानसोपचारांच्या जोडीनं दिलं तेव्हा गुण जास्त आला. मात्र या चाचण्या संख्येनं थोड्या आणि बऱ्याचशा लहान आहेत. शस्त्रक्रियेआधीची, दंतवैद्याच्या खुर्चीतली, परीक्षेची भीती अशा नेमक्या प्रसंगांत संमोहन चांगलं उपयोगी पडतं. वर्षानुवर्षं कारणाशिवाय पोखरणाऱ्या चिंतेसाठी पहिली पसंती आजही सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलायला शिकवणारा मानसोपचार, आणि गरज असेल तर औषधं यांनाच आहे. संमोहन त्यांच्या जोडीला बसतं, त्यांच्या जागी नाही.

“मूळ कारण बालपणात, नाहीतर मागच्या जन्मात”

इथं मात्र सौम्य शब्दांत बोलणं मला जमणार नाही. २००९ साली ‘राज़ पिछले जनम का’ ही मालिका टीव्हीवर आली आणि पूर्वजन्मात नेऊन भीती घालवण्याचा धंदा घराघरांत ठाऊक झाला. आज मुंबई-पुण्यात त्यासाठी भरमसाट पैसे घेणारे लोक आहेत. संमोहनात आठवणी अधिक अचूक होतात, हाच समज मुळात चुकीचा आहे. त्या अवस्थेत कल्पनाशक्ती मोकळी सुटते आणि सूचना पटकन स्वीकारली जाते. त्यामुळे न घडलेली गोष्ट घडल्यासारखी, तपशिलांसह आणि पूर्ण खात्रीनं ‘आठवू’ शकते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या न्यायालयांनी संमोहनाखाली जागवलेल्या साक्षींवर निर्बंध घातले ते याचसाठी. मागच्या जन्मात पाण्यात बुडालात म्हणून आज पाण्याला भिता, असं सांगितल्यानं कुणाला तात्पुरतं बरं वाटेलही. पण ‘लहानपणी काकांनी काहीतरी केलं असेल, आठवा’ असं सुचवल्यानं एखादं घर कायमचं मोडू शकतं. ज्यांना भास होतात किंवा भ्रम आहेत, त्यांच्यावर हे प्रयोग तर थेट धोक्याचे.

सावधगिरीचं आणखी एक कारण आहे. आपल्या देशात ‘हिप्नोथेरपिस्ट’ ही पाटी लावायला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. दोन-चार दिवसांचा वर्ग करूनही ती लावता येते. म्हणून संमोहन शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, नाहीतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधावा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

“जडीबुटी आहे, त्रास कसला होणार?”

अश्वगंधा आता किराणा दुकानापासून विमानतळापर्यंत सगळीकडे मिळते. तिच्याबद्दल आशा वाटावी, असा पुरावा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादमधल्या एका चाचणीत दीर्घकाळ ताण असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क ६० दिवस दिला. त्यांचा ताण दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. पुढच्या काही छोट्या चाचण्यांतही असं दिसलं आहे.

पण जी वस्तू शरीरावर परिणाम करते, ती दुष्परिणामही करू शकते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना भारतासह अनेक देशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. अशी इजा विरळा होते, पण होते. डेन्मार्कनं तर २०२३ साली ही वनस्पती विकायलाच बंदी घातली. अश्वगंधेनं थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात आणि नेमकी हीच बाब चिंतेच्या रुग्णाला महागात पडते. थायरॉइड वाढलं की धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं ही लक्षणं दिसतात. म्हणजे ज्या माणसाची चिंता मुळात थायरॉइडची आहे, तो अश्वगंधा घेऊन स्वतःची अवस्था बिघडवतो आणि डोस कमी पडतोय समजून तो वाढवतो. गरोदरपणात ती टाळावी. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांसोबत वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

शुद्धतेचा प्रश्न निराळा. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा साधारण दर पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे निष्कर्ष २००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात आले. हा आयुर्वेदाचा अपमान नाही. उलट जाणता वैद्य प्रकृती, वय, चालू औषधं विचारल्याशिवाय पुडी बांधत नाही. यूट्यूब पाहून स्वतःच्या हातानं घेतलेला काढा हा आयुर्वेद नव्हे.

पुष्पौषधींबद्दल थोडक्यात. एडवर्ड बाख यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार केलेली ही ३८ औषधं चाचण्यांत दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलेली नाहीत. त्यांनी बहुधा इजा होत नाही. वेळ जातो, आणि आजार वाढत असताना वेळ जाणं ही इजाच आहे.

“प्राणायाम केला की बाकी कशाची गरज नाही”

योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेनं पाहण्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापलं. आज या प्रश्नावर चांगल्या चाचण्या हाताशी आहेत. अमेरिकेत चिंताविकाराच्या २२६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत योगानं सुमारे ५४ टक्क्यांना, सीबीटीनं ७१ टक्क्यांना, तर ताणाबद्दल नुसती माहिती देण्यानं ३३ टक्क्यांना गुण आला. सहा महिन्यांनी मात्र नुसत्या माहितीपेक्षा सरस टिकली ती सीबीटीच. सजगता-ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या शिस्तबद्ध वर्गानं तर एस्सिटालोप्राम या औषधाच्या तोडीस तोड काम केल्याचं २७६ जणांच्या चाचणीत दिसलं. शिस्तबद्ध हा शब्द इथं महत्त्वाचा. ते लोक आठवड्याला वर्गाला जात होते आणि रोज घरी सराव करत होते.

पॅनिकचा झटका येणाऱ्यांनी कपालभाती आणि भस्त्रिका यांच्यापासून जपून राहावं. झपाट्यानं श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. झटक्यातही अगदी हेच होत असल्यानं माणूस आणखी घाबरतो. अशा वेळी नाकानं सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडावा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतक्या संथपणे. भ्रामरीत उच्छ्वास आपोआप लांबतो, म्हणून ती अनेकांना मानवते. काहींना डोळे मिटून बसलं की उलट अस्वस्थ वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, नाहीतर सरळ भराभर चालायला जावं. नियमित व्यायामानंही चिंता उतरते.

“डॉक्टरकडे गेलं की जन्मभराच्या गोळ्या”

या धाकानंच लोक ‘नैसर्गिक’ पाटीकडे वळतात. सवय लावणाऱ्या गोळ्या आहेत : अल्प्राझोलाम आणि तिच्या गटातल्या इतर. त्या चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कधीच घेऊ नयेत. पण चिंताविकारासाठी मुख्यतः दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं वेगळ्या गटातली आहेत. त्यांची तशी लत लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीचे काही दिवस बेचैनी वाढू शकते, आणि थांबवायची असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागतात. ‘आधी त्या गोळ्या बंद करा, मग मी सुरू करतो’ असं सांगणारा उपचारक कोणत्याही पद्धतीचा असो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

धडधड नवी असेल तर आधी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. चहा-कॉफी किती होते, दम्याचा पंप चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. संमोहन, योग, अश्वगंधा, जे काही घेत असाल ते लपवू नका. चिंतेमुळे कामावर जाणं, जेवण किंवा झोप सुटली असेल तर आणखी महिनाभर वाट पाहू नका. आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला किंवा घरातल्या कुणाला, तर आजच १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.