वाइन द्राक्षातील ‘उपकारक कूज’: एकाच बुरशीची दोन रूपे

पिकलेल्या घडावर बुरशी दिसली की नुकसान ठरलेले, हा आपल्या द्राक्ष बागायतदारांचा अनुभव आहे. मात्र फ्रान्समधील सोटर्न आणि हंगेरीतील टोकाय या भागांतील बागायतदार काढणीच्या वेळी एका बुरशीची वाट पाहतात. तिचे नाव बोट्रायटिस सिनेरिया. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, गुलाब या पिकांवर राखाडी कूज आणणारी बुरशी हीच. मग तिथे ती उपयोगी कशी पडते?

हवामान निर्णायक

सोटर्नजवळ सिरों ही थंड पाण्याची लहान नदी गारोन या तुलनेने उबदार पाण्याच्या नदीला मिळते. त्यामुळे शरद ऋतूत तिथे पहाटे धुके असते आणि दुपारी ऊन पडते. धुक्याच्या ओलाव्यात बुरशी रुजते. दुपारी घड सुकल्याने तिची वाढ आटोक्यात राहते. सतत पाऊस झाला, तर हीच बुरशी घड सडवते.

मण्यात होणारे बदल

- साल: बुरशीच्या विकरांमुळे सालीला सूक्ष्म छिद्रे पडतात, पण साल फाटत नाही. छिद्रांतून पाणी उडून जाते. मणी तपकिरी होतो आणि मनुक्यासारखा सुरकुततो.
- साखर: बुरशी थोडी साखर खाते, पण पाणी त्याहून जास्त कमी होते. एरवी २० ते २४ ब्रिक्सला काढली जाणारी द्राक्षे ३० ते ४० ब्रिक्सपर्यंत, कधी त्याहूनही पुढे जातात.
- आम्ल: टार्टारिक आम्ल बुरशी वापरते, तरी रस आटल्याने आंबटपणा टिकतो. ग्लुकॉनिक आम्ल नव्याने तयार होते.
- ग्लिसरॉल व सुगंध: ग्लिसरॉल वाढते. वाइनला मध, जर्दाळू, संत्र्याच्या मुरंब्यासारखा सुगंध येतो.
- तोटे: लॅकेज या विकरामुळे रंग बिघडतो, म्हणून लाल वाइनसाठी अशी द्राक्षे चालत नाहीत. ग्लुकनमुळे रस गाळणे अवघड होते.

उत्पादन कमी, जोखीम मोठी

सर्व मणी एकाच वेळी तयार होत नाहीत. मजूर त्याच बागेत अनेक फेऱ्या करून फक्त तयार मणी वेचतात. सोटर्नच्या नियमानुसार हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी सुमारे १,००० लिटर वाइनची कमाल मर्यादा आहे. हवामान बिघडले तर तेवढेही हाती लागत नाही. तिथल्या प्रसिद्ध शातो दिकेमने २०१२ च्या हंगामात आपली गोड वाइन काढलीच नाही.

आपल्या बागेत काय करावे?

नाशिक भागात वाइन द्राक्षांची काढणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा हवा सहसा कोरडी असते. ओलावा येतो तो अवकाळी पावसाने. मणी तडकतात आणि जखमेतून इतर बुरशी व ॲसिटिक जिवाणू शिरतात. ही उपकारक कूज नव्हे. साल फुटलेली, रस गळणारा, व्हिनेगरसारखा वास आणि चिलटे ही तिची लक्षणे. गोड वाइनच्या आशेने असे घड वेलीवर ठेवू नका.

- मणी भरताना घडाभोवतीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवा.
- भुरी व किडींचे वेळीच नियंत्रण करा. जखमी सालीतून कूज लवकर शिरते.
- पावसानंतर तडकलेले मणी काढून बागेबाहेर नष्ट करा. चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये ते मिसळू नका. थोड्या कुजलेल्या मण्यांनीही सगळा रस बिघडू शकतो.
- काढणी जवळ आली असताना फवारणी करायची झाल्यास लेबलवरील काढणीपूर्व कालावधी पाळा आणि वायनरीला विचारा.
- घड उशिरापर्यंत ठेवायचे असल्यास काढणीची तारीख, ब्रिक्स आणि दर वायनरीकडून आधी लेखी घ्या. आपल्याकडे उशिरा काढलेल्या शेनिन ब्लँकपासून गोड वाइन होते, पण त्यासाठी निरोगी घड वेलीवर जास्त पिकवले जातात. वजन घटते, त्यामुळे नेहमीचा किलोचा दर परवडत नाही.