सूक वाकिफ : पुन्हा बांधलेली जुनी पेठ

कतारच्या दोहा शहरातला सूक वाकिफ हा बाजार मुशैरिब नावाच्या कोरड्या ओढ्याकाठी, समुद्राला लागून वाढला. वाळवंटातले बेदुईन लोक मेंढ्या, बकऱ्या आणि लोकर घेऊन यायचे. गलबतांतून तांदूळ, मसाले, कापड उतरायचे. यातला पुष्कळ माल हिंदुस्थानातला असे, आणि आखातातले मोती विक्रीला मुंबईत येत. हिशेब चाले तो रुपयांतच. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेला रुपया कतारमध्ये १९६६ पर्यंत चलनात होता.

पुढे तेलाचा पैसा आला आणि या पेठेकडे दुर्लक्ष झाले. मातीच्या भिंतींना खेटून सिमेंटचे मजले चढले, छपरांवर पत्रे आले. २००३ मध्ये आगीत बाजाराचा मोठा भाग जळाला. सगळे पाडून नवे संकुल बांधणे सोपे होते, पण कतारच्या राज्यकर्त्यांनी जुना बाजार उभा करायचे ठरवले आणि काम मोहम्मद अली अब्दुल्ला या चित्रकाराकडे दिले. बाजाराच्या इतिहासाचा अभ्यास आधी झाला. मग अलीकडची बांधकामे उतरवली, तग धरून असलेली जुनी दुरुस्त केली आणि पडलेल्या जागी जुन्या पद्धतीने नवी बांधली. २००८ च्या सुमारास बाजाराला आजचे रूप आले.

या कामातला पाहण्यासारखा भाग म्हणजे छप्पर. दुकानात उभे राहून वर पाहिले की ओळीने टाकलेले गोल वासे दिसतात. आखातात परंपरेने ते तिवराचे असत आणि गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येत. वाशांवर बांबूच्या कामट्या, त्यावर चटई आणि सर्वांत वर गवताचा भुसा घालून मळलेल्या मातीचा जाड थर. उन्हाचा ताप हा थर अडवतो. तिवराचे खोड फार लांब मिळत नाही, त्यामुळे जुन्या खोल्या अरुंद आणि लांबट झाल्या. खोलीची रुंदी ठरवली ती लाकडाने. मुंबईजवळच्या पनवेलच्या खाडीत तिवर पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. पाणी बाहेर फेकायला भिंतींतून लाकडी पन्हळी काढल्या आहेत. दिव्यांची व्यवस्था मात्र आधुनिक आहे. थोडक्यात, बाजारातले जे जुने दिसते त्यातले बरेच काल-परवाचे आहे, आणि जाणकारांचा आक्षेपही तिथेच आहे.

तो आक्षेप खरा असला तरी बाजार खोटा ठरत नाही. इथे सकाळी खरेदी, दुपारी उन्हामुळे सामसूम आणि संध्याकाळी गर्दी हा जुनाच क्रम चालतो. मसाल्यांची पोती, कापडाचे तागे, पातेली, खजूर, अत्तरे यांच्या गल्ल्या आहेत. हमाल एकचाकी गाडीवर गिऱ्हाइकाचे सामान घेऊन मागून चालतो. शिकारी ससाण्यांची दुकाने वेगळी आहेत. हातमोजे, डोळ्यांवरच्या टोप्या तिथेच मिळतात आणि ससाण्यांचे रुग्णालयही जवळच आहे. उपाहारगृहे वाढली आणि पर्यटक आले. २०१९ मध्ये मेट्रोचे स्थानक झाले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात जगभरचे प्रेक्षक इथेच जमत. तरी घरच्या पातेल्यासाठी येणारे गिऱ्हाईक टिकले, आणि २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हा प्रकल्प आला तेव्हा चालता बाजार ही त्याची बाजू लक्षात घेतली गेली.

दोह्याच्या बाजारासारखी आपल्या पनवेलची पेठही बंदरामुळेच वाढली. मुंबईहून पाण्याने आलेला माल इथे उतरून घाटाकडे जाई. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली, २०१६ मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात रेल्वे कल्याणवरून पुण्याकडे गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले, पण टपाल नाका, उरण नाका परिसरातली खरेदी-विक्री थांबली नाही. गिऱ्हाईक आहे, तेव्हा दोह्याइतका पैसा ओतायची गरज नाही. उरलेल्या कौलारू वाड्यांची आणि दुकानांची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे मात्र ती पाडली जाण्याआधी करून ठेवायला हवीत. महानगरपालिकेने आणि गावातल्या वास्तुविशारदांनी हे काम आता हाती घ्यावे.