तलंगांचा पहिला हिवाळा

आषाढात खुडूक कोंबडीखाली निघालेली पिले दिवाळीपर्यंत अंगाने भरतात. माद्यांचे तुरे लाल होऊ लागतात. अजून अंडी न घातलेल्या या तरण्या कोंबड्यांना आपल्याकडे तलंगा म्हणतात. त्या अंड्यावर येण्याच्या सुमारासच थंडी पडते. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे तर पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो.

मग आपण काय करतो? आपल्याला हुडहुडी भरते, तेव्हा कोंबड्यांनाही भरत असणार असे समजून खुराडे गोणपाट आणि प्लास्टिकने चोहोबाजूंनी बंद करतो. आम्हीही पहिल्या वर्षी हेच केले. चार-पाच दिवसांत तलंगांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, त्या शिंकू लागल्या. थंडीच बाधली असे वाटून आम्ही आणखी एक गोणपाट लावले! आठांपैकी दोन तलंगा गेल्या. चूक कोठे झाली?

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच अंश जास्त. ही ऊब टिकते ती पिसांमुळे, किंबहुना पिसांत अडकलेल्या हवेमुळे. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. गोधडीच्या थरांमध्ये अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, तसेच हे. थंडीत कोंबडी पिसे फुगवून गोल गरगरीत होऊन बसते, ती हवेचा हा थर जाड करण्यासाठी. उरले उघडे पाय. पायांकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या वाहिन्या आणि वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या अगदी जवळजवळ असतात. त्यामुळे खाली जाणारे रक्त आपली बरीचशी उष्णता वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते आणि ती शरीरातच राहते. पूर्ण पिसे आलेली, पोटभर खाल्लेली कोंबडी आपल्याकडची थंडी सहज सोसते. अट एकच, ती कोरडी हवी आणि तिच्या अंगावर वाऱ्याचा झोत नको. पिसे भिजली की त्यांतील हवा जाते, आणि झोत तीच हवा उडवून नेतो.

आता बंद खुराड्याचा विचार करा. एक कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. अंड्यात जाते तेवढे सोडले तर बाकीचे श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते. पक्षी निराळी लघवी करीत नाहीत. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल असते. ओलावा मिळाला की सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. या वायूने डोळे चुरचुरतात. श्वासनलिकेत धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे बारीक केसासारखे तंतू असतात, तेही निकामी होतात. मग रोगजंतूंना वाट मोकळीच. आमच्या तलंगांचा घात थंडीने नव्हे, कोंडलेल्या हवेने केला होता.

त्यात छप्पर पत्र्याचे असेल तर आणखी भर. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. कोंबड्यांच्या श्वासातील बाष्प त्याच्या खालच्या बाजूला थंड होते, म्हणजे त्याचे दवबिंदू बनतात, आणि ते थेंब खाली कोंबड्यांच्याच पाठीवर टपकतात. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या पसरून बांधल्या तर पत्रा एवढा थंड होत नाही.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. पहाटे खुराड्याचे दार उघडताच पत्र्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोट ओले झाले तर हवा कोंडली आहे. नंतर तांबडा लिटमस कागद पाण्याने ओला करून कोंबड्यांच्या डोक्याच्या उंचीवर थोडा वेळ धरा. तो निळा होऊ लागला तर अमोनिया आहे. शाळेतून कागद मिळाला नाही तर खाली उकिडवे बसून वास घ्या. उभ्याने घेतलेला वास उपयोगाचा नाही, कोंबडी राहते ती खाली.

उपाय सोपा आहे. उष्ण, दमट हवा हलकी असते, ती वर चढते. म्हणून छपराच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत झरोके ठेवा आणि ते रात्रीही उघडे राहू द्या. मुंगूस, रानमांजर शिरू नये म्हणून बारीक जाळी हवीच. गोणपाट लावायचेच तर वारा येतो त्या बाजूला आणि कोंबड्या बसतात तेवढ्याच उंचीपर्यंत. बसायची दांडी झरोक्याच्या बरीच खाली असावी, आणि ती सुमारे ५ सेंटिमीटर रुंद, चपटी असावी, म्हणजे कोंबडी बसली की तिची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. जमिनीवर भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले चार बोटे जाड पसरा. मूठभर उचलून दाबा. गोळा झाला तर ओल फार आहे, तेवढा भाग काढून कोरडे घाला. निखाऱ्यांची शेगडी मात्र आत कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू एका रात्रीत सगळी खुराडी रिकामी करू शकतो.

संध्याकाळी मूठ-मूठ मका किंवा बाजरी जास्त घाला. मानेच्या बुडाशी असलेल्या पिशवीत दाणे साठतात, रात्रभर थोडे थोडे पचतात आणि ऊब देतात. रानीखेत रोगाची लस टोचायची राहिली असेल तर थंडीपूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा.

इतके करूनही अंडी कमीच मिळतील, कारण त्याचा संबंध थंडीपेक्षा उजेडाशी आहे. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. भरपूर अंड्यांसाठी १४ तासांच्या आसपास उजेड लागतो, म्हणून व्यावसायिक कोंबडीपालक दिवे लावतात. तुम्हाला लावायचाच असेल तर पहाटे लावा. संध्याकाळचा दिवा एकदम मालवला तर कोंबड्यांना दांडी सापडत नाही आणि त्या गारठलेल्या जमिनीवरच बसून राहतात. वयात न आलेल्या तलंगांना तर ही घाई नकोच. अकाली अंड्यावर आलेल्या तलंगेची अंडी लहान निघतात आणि तिला अंडे घालताना इजाही होऊ शकते. आम्ही परसात दिवा लावत नाही. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागलेला जाणवतो, आणि एखाद्या सकाळी तुसात पहिले, लिंबाएवढे अंडे सापडते.