वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर ‘एक पेग’ चालतो का?

समजा, आपल्याच वस्तीतला एक तरुण. वजन १३० किलो, जोडीला शुगर, बीपी, गुडघेदुखी. घरच्यांनी दागिने मोडून, कर्ज काढून त्याचे वजन घटवण्याचे ऑपरेशन केले. आठ महिन्यांत ४० किलो उतरले. आता मित्राच्या हळदीत कोणीतरी त्याच्यापुढे ग्लास धरतो. “अरे, आता तर तू एकदम फिट झालास. एका पेगने काय होतंय?”

काय होते, हे त्या मित्राला माहीत नसते. बऱ्याचदा ऑपरेशन झालेल्या तरुणालाही माहीत नसते. अशी ऑपरेशन्स आता आपल्या शहरांतही होऊ लागली आहेत, त्यामुळे हा विषय नीट समजून घेण्याची गरज आहे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय बदलते?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या भागाची एक छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

एरवी पोटात गेलेली दारू काही वेळ जठरात थांबते. तिचा थोडा भाग तिथल्या विकरामुळे तिथेच मोडतो आणि उरलेली हळूहळू आतड्यात उतरते. ऑपरेशननंतर ही थांबण्याची जागाच राहत नाही. दारू झटकन आतड्यात जाते आणि काही मिनिटांतच रक्तात मिसळते. यकृताची ती मोडण्याची ताकद मात्र पूर्वीइतकीच राहते. म्हणजे येण्याचा रस्ता रुंद झाला, जाण्याचा तसाच राहिला.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बायपास झालेल्या स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. दोन पेय घेतल्यावर त्यांच्या रक्तातील दारूचे प्रमाण चार पेय घेतल्यासारखे वाढले होते. स्लीव्हनंतरही असाच परिणाम होतो, हे पुढे २०१८ च्या अभ्यासात दिसले. त्यामुळे “माझे स्लीव्ह आहे, बायपास नाही” या समजुतीवर विसंबून राहू नये.

धोका दुसऱ्या वर्षात वाढतो

अमेरिकेतील दहा रुग्णालयांमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ऑपरेशनपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांना दारूच्या व्यसनाचा त्रास होता. पहिल्या वर्षात हे प्रमाण वाढले नाही. दुसऱ्या वर्षात ते ९.६ टक्क्यांवर गेले. त्याच पाठपुराव्यात पुढे असे दिसले की, बायपास झालेल्यांपैकी दर पाच जणांमागे साधारण एकाला पाच वर्षांत व्यसनाची लक्षणे जाणवू लागली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, “वर्ष झाले, काही झाले नाही” ही खात्री फसवी आहे. पहिल्या वर्षी माणूस जपून असतो, डॉक्टरांकडे नियमित जातो. दुसऱ्या वर्षी तपासण्या कमी होतात, आत्मविश्वास वाढतो आणि पार्ट्या सुरू होतात. दुसरी, हा फक्त मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. दारू जितक्या वेगाने मेंदूपर्यंत पोहोचते, तितकी तिची ओढ लागण्याची शक्यता जास्त.

कोणाला धोका अधिक? पुरुष, तरुण, सिगारेट ओढणारे आणि आधीपासून नियमित पिणारे. याशिवाय त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना आपले असे कोणी वाटत नाही, आपण कुठल्या गोतावळ्याचे आहोत ही भावना ज्यांच्यात कमी आहे, त्यांना धोका जास्त होता. समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे लक्षात ठेवावे.

शरीरावर होणारे इतर परिणाम

*साखर उतरणे.* बायपासनंतर काहींच्या रक्तातील साखर अचानक कमी होते. दारूमुळे यकृताचे साखर तयार करण्याचे काम मंदावते. घाम, थरथर, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसतात. लोक म्हणतात, “चढली, झोपू द्या.” प्रत्यक्षात साखर उतरलेली असते. अशा वेळी झोपवणे जिवावर बेतू शकते. ताबडतोब दवाखाना गाठावा.

*जीवनसत्त्वांची कमतरता.* ऑपरेशननंतर आधीच आहार कमी असतो. त्यात उलट्या आणि दारू आली की थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, झपाट्याने घटते. गोंधळणे, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

*वजन पुन्हा वाढणे.* एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. ६० मिली व्हिस्कीत सुमारे १४० कॅलरी होतात. ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये नुसत्या अल्कोहोलच्याच २८० हून अधिक. दारू द्रव असल्याने लहान पोटही तिला अडवत नाही. सोबतचा चखणा वेगळाच.

*गाडी चालवणे.* मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा पकडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑपरेशन झालेल्या शरीरात एका पेगमध्येही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. “एकच तर घेतला” हा हिशेब इथे लागू पडत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

अनेक डॉक्टर किमान पहिले सहा महिने ते एक वर्ष दारूला स्पर्श करू नका असे सांगतात. पूर्वी व्यसन असलेल्यांनी तर कायमची बंद ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्यासाठी सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. हे सर्वांसाठी आहे. ऑपरेशन झालेल्यांसाठी तर ते अधिकच लागू होते.

तरीही स्वतःला काही प्रश्न विचारा. मी आधी किती पीत होतो, आणि ते डॉक्टरांना खरे सांगितले का? ताण आला की पूर्वी मी खाण्याकडे वळत होतो, आता कशाकडे वळतो आहे? शुगरच्या, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या सुरू आहेत का? आणि हा ग्लास मला हवा आहे की समोरच्याला? बहुतेक वेळा या शेवटच्या प्रश्नातच उत्तर मिळते.

नकार द्यायला मोठे कारण लागत नाही. “ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बंद केलीय” एवढे पुरे. त्यानंतरही कोणी आग्रह करत असेल तर तो तुमची काळजी करणारा माणूस नाही.

शील आणि शरम

आपल्यापैकी ज्यांनी पंचशील घेतले आहे, त्यांना याचे अर्धे उत्तर आधीच मिळालेले आहे. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण मानले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ऑपरेशननंतरचे शरीर हेच सांगते: आता बेसावध राहून चालणार नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विहारात शील घेणारे आणि रात्री लपून पिणारे आपल्यातही आहेत. “लोक काय म्हणतील” या शरमेपोटी ते डॉक्टरांनाही खरे सांगत नाहीत. फॉर्मवर ‘मद्यपान नाही’ लिहितात आणि तिथूनच धोका सुरू होतो. ऑपरेशनपूर्वी सर्जन आणि समुपदेशकाला खरे सांगणे हे शील मोडल्याची कबुली नव्हे. ते शीलाकडे परत येण्याचे पहिले पाऊल आहे.

ज्याचे पिणे सुरू झाले असेल त्याला टोमणे मारू नका, एकटे पाडू नका. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे असे धोके असतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबावे. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करत आहे.

कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट करावी. वस्तीत कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल तर पहिल्या महिन्यात तर जाच, पण दीड वर्षानेही त्याची चौकशी करायला जा. तोवर भेटायला येणाऱ्यांची रांग संपलेली असते, आणि खरी गरज तेव्हाच असते.

जयभीम!